पिवळा प्रदेश, नारिंगी प्रदेश : स्थलांतरितांच्या कथेतील समजावणीचा प्रसंग

झुंपा लाहिरी यांच्या 'इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज' (१९९९) या संग्रहातील 'व्हेन मिस्टर पिरझादा केम टु डाइन' या कथेच्या आरंभीच एक समजावणीचा प्रसंग येतो. काळ १९७१ चा, पानगळीचा. बॉस्टनजवळच्या विद्यापीठी गावात राहणारी दहा वर्षांची लिलिया रात्रीच्या जेवणाची तयारी करते आहे. रोज जेवायला येणाऱ्या पाहुण्याचा उल्लेख ती 'भारतीय माणूस' असा करते. वडील तिला तिथल्या तिथे दुरुस्त करतात. पिरझादा आता भारतीय मानले जात नाहीत. फाळणी झाली, देश वेगळा झाला. मुलीच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही हे पाहून ते तिला आपल्या मेजावर लावलेल्या जगाच्या नकाशापाशी नेतात आणि बोट फिरवून दोन प्रदेश दाखवतात. भारत नारिंगी आहे, पाकिस्तान पिवळे.

स्थलांतरितांच्या कथात्म साहित्यात हा प्रसंग इतक्या वेळा येतो की त्याला आता एका रूढ आकृतिबंधाचे स्थान प्राप्त झाले आहे. बाप किंवा आई, समोर परदेशात जन्मलेले मूल, आणि 'आपण कोण' या प्रश्नाचे उत्तर. समीक्षेनेही त्याचे वाचन ठरवून टाकले आहे : पहिल्या पिढीकडे वारसा असतो, दुसऱ्या पिढीकडे नागरिकत्व असते, आणि समजावणी म्हणजे एकीकडचे दुसरीकडे सोपवण्याचा प्रयत्न. तो फसला की 'मुळे तुटल्या'ची शोकात्म भाषा येते, साधला की 'दोन संस्कृतींच्या संगमा'ची. ही मांडणी इतकी सोयीची आहे की ती संहितेवर तपासून पाहण्याची गरज फारशी कोणाला भासत नाही. लाहिरींची ही कथा मात्र ती मांडणी मान्य करीत नाही. नकाशासमोर उभा राहून बाप जे सांगतो तो वारसा नव्हेच. तो नागरिकत्वाचाच एक धडा आहे, फक्त दुसऱ्या राज्यसंस्थेचा.

वडिलांच्या समजावणीची द्रव्ये पाहावीत. नकाशा, रंग, सीमारेषा, एक सनावळी आणि धर्माची नोंद. पिरझादा बंगाली आहेत, पण मुसलमान आहेत, म्हणून त्यांचा देश निराळा, असा तिचा कार्यकारणभाव आहे. बेनेडिक्ट अँडरसन यांनी 'इमॅजिन्ड कम्युनिटीज'च्या १९९१ च्या वाढीव आवृत्तीत जनगणना, नकाशा आणि वस्तुसंग्रहालय या तिघांना वसाहतवादी राज्यसंस्थेची कल्पनाशक्ती घडवणारी साधने म्हटले आहे. लिलियाचे वडील त्यांपैकी पहिल्या दोहोंच्याच भाषेत बोलतात. स्वतःच्या गावाची, घराची, आईची एकही आठवण ते या वेळी सांगत नाहीत. मुलीला भारतीय म्हणजे काय हे समजावण्यासाठी ते कोण भारतीय नाही हे सांगतात, आणि तो नसलेला कोण, तर जो थोड्याच वेळात घराची घंटा वाजवणार आहे तो.

लिलियाला हे पटत नाही. तिचे न पटणे भाबडे नाही, ते निरीक्षणातून आलेले आहे. जेवणाच्या मेजावर ती पिरझादा आणि आपले आईवडील यांच्यात फरक शोधू लागते आणि तिला तो सापडत नाही. भाषा तीच, विनोद तेच, कैरीचे लोणचे तेच. भात हाताने खाणे, दाराशी जोडे काढणे, जेवणानंतर बडीशेप चघळणे, चहात बिस्कीट बुडवणे हेही तेच. वडिलांनी सांगितलेले असते की त्या काळी हिंदू आणि मुसलमान एकमेकांची घरे पेटवीत होते, आणि एकमेकांच्या पंक्तीला बसणे ही कल्पनाही अजून अनेकांना सहन होत नाही. हे सांगणारा माणूस त्याच पाहुण्याला रोज जेवायला बोलावतो. विद्यापीठाच्या नामावलीत ओळखीची वाटणारी आडनावे शोधून, त्यांभोवती खुणा करून या दांपत्याने माणसे मिळवली आहेत. आडनावावर खूण करताना त्यांनी नकाशा पाहिलेला नसतो. होमी भाभा यांनी १९९० साली संपादित केलेल्या 'नेशन अँड नॅरेशन' या ग्रंथात राष्ट्राच्या दोन काळांमध्ये भेद केला होता. एक, शिकवले जाणारे राष्ट्र, ज्याला अखंड भूतकाळ असतो. दुसरे, दैनंदिन आचरणातून पुनःपुन्हा घडावे लागणारे. लिलियाच्या घरात हे दोन्ही काळ एकाच छपराखाली, जेमतेम एका खोलीच्या अंतरावर आहेत, आणि मुलगी एकातून दुसऱ्यात ताटे घेऊन ये-जा करते.

येथे घाई करून वडिलांना केवळ राज्यसंस्थेचे प्रवक्ते ठरवणे चुकीचे होईल. त्यांच्या आग्रहात एक सभ्यताही आहे. १९७१ साली एखाद्या पूर्व बंगाली मुसलमानाला सहजपणे 'भारतीय' म्हणणे म्हणजे त्याचा इतिहास आपल्यात जमा करून घेणे होय. पाहुण्याचे वेगळेपण जपण्याचा तो प्रयत्न आहे. पण ज्या नावाने ते वेगळेपण सांगायचे ते नावच त्या क्षणी जळते आहे. वनस्पतिशास्त्राचे अध्यापक असलेले पिरझादा पाकिस्तान सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यू इंग्लंडच्या पानझडीचा अभ्यास करीत आहेत, आणि त्याच सरकारचे सैन्य त्यांच्या ढाक्यात शिरले आहे. पत्नी आणि सात मुली कोठे आहेत, जिवंत आहेत की नाहीत, हे त्यांना ठाऊक नाही. खिशातल्या घड्याळात त्यांनी ढाक्याची वेळ लावून ठेवली आहे, अकरा तास पुढची. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात शरणागती होते आणि वडिलांचा धडा कालबाह्य ठरतो. कथेच्या शेवटाकडे निवेदिका स्वतःच नोंदवते की त्या नकाशाची मुदत तोवर संपून गेली होती.

आईचे बोलणे या संदर्भात वाचले पाहिजे. फाळणीची माहिती मुलीला कशी असेल, ती येथे जन्मली आहे, असे आई म्हणते. निवेदिकेच्या लक्षात राहते ते आईच्या आवाजातले समाधान. मुलीचा अमेरिकेतला जन्म हा जणू तिच्या अंगचा एखादा गुण आहे, असे ती बोलते. सुरक्षित आयुष्य, चांगले शिक्षण, सगळ्या संधी. त्यात शिधावाटप नाही, दंगली नाहीत. या उद्गारांना समीक्षेत साधारणतः स्थलांतरिताचा व्यवहारवाद म्हणून खालचे स्थान मिळते, आणि वडील हे स्मृतीचे राखणदार ठरतात. हा निर्णय उलटा तपासून पाहावा लागतो, आणि त्यासाठी कथेबाहेरचे, पण कथेच्या काळातले, दोन कायदे समोर ठेवावे लागतात.

लिलिया १९६१ च्या सुमारास अमेरिकेत जन्मली. तेथील संविधानाच्या १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीनुसार ती जन्मतःच अमेरिकन नागरिक आहे. आईबाप कोण, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क यांच्या खटल्यात १८९८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले होते, आणि तेही त्यांच्या आईबापांना स्वतः नागरिक होण्याची मुभा नसताना. दुसरीकडे, भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या चौथ्या कलमान्वये परदेशात जन्मलेले मूल वंशाने भारतीय ठरे ते वडील भारतीय नागरिक असतील तर. आईच्या नागरिकत्वाची गणना त्यात नव्हती. ती सोय १९९२ च्या दुरुस्तीने झाली. म्हणजे १९६१ साली लिलियाच्या वडिलांनी भारतीय नागरिकत्व सोडलेले नसेल (कथा याविषयी मूक आहे) तर मुलगी वडिलांकडून भारतीय होती, आणि आईकडून ती कोणीही होऊ शकत नव्हती.

हे ध्यानात घेतले की दोन वाक्यांचे वजन बदलते. वडील रक्ताच्या, वंशाच्या बाजूने बोलतात, कारण त्या बाजूचा कायदा त्यांच्यामार्फतच वाहतो. आई मातीच्या बाजूने बोलते. जिला आपल्या देशाचे नागरिकत्व पोटच्या मुलीला देण्याचा अधिकार नाही, ती ज्या कायद्याला बाप लागत नाही त्या कायद्याचा अभिमान बाळगते. लाहिरींना हे कलम डोळ्यांसमोर होते असे सुचवण्याचे कारण नाही. लेखकाला ठाऊक नसलेल्या गोष्टीही संहितेला ठाऊक असतात. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून अनधिकृतपणे वा तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्या स्त्रियांच्या मुलांना, वडीलही नागरिक किंवा कायम रहिवासी नसल्यास, जन्मसिद्ध नागरिकत्व नाकारले, आणि त्याच वर्षी कनिष्ठ न्यायालयांनी त्याची अंमलबजावणी रोखली. या घटनेनंतर त्या आईचे समाधान व्यवहारवादी वाटण्यापेक्षा ठिसूळ वाटू लागते.

वारसा आईबापांकडून मुलाकडे येतो, हे गृहीतही येथे डळमळते. १९१३ च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्याने नागरिक होण्यास अपात्र ठरलेल्या परकीयांना शेतजमिनीची मालकी नाकारली. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयही अपात्र ठरले, आणि ते बंधन १९४६ पर्यंत टिकले. या काळात अनेक आशियाई शेतकऱ्यांनी जमिनी तेथेच जन्मलेल्या, म्हणून नागरिक असलेल्या, अल्पवयीन मुलांच्या नावे केल्या. बाप मुलाच्या जमिनीवर राबत होता. अशा घरात बापाने मुलाला 'नागरिक म्हणजे काय' हे समजावले असेल, तर त्या समजावणीची दिशा कोणती म्हणायची?

मराठी वाचकाला हा घोटाळा अगदी अपरिचित वाटू नये. 'वारसा' आणि 'मिरास' हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूचे. मराठेशाहीच्या गावगाड्यात मिरासदार म्हणजे गावाच्या जमिनीत वंशपरंपरेचा हक्क असणारा, आणि बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. मिरासदार परागंदा झाला, तरी अनेक वर्षांनी परतून त्याला आपली जमीन मागता येई. उपरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या कसूनही उपरीच राहू शके. 'वतन' या शब्दाचा प्रवास त्याहून बोलका आहे. उर्दूत आणि हिंदीत तो जन्मभूमीचा वाचक, तर मराठीत तो वंशपरंपरागत हक्काचा, कागदपत्रांनी सिद्ध करावयाच्या उत्पन्नाचा वाचक झाला. 'नागरिक'चे मूळ तर वात्स्यायनाच्या नागरकात, शहरी रसिक पुरुषात. तेव्हा मराठीत 'वारसा' भावनेचा आणि 'नागरिकत्व' कायद्याचे, अशी वाटणी करणे हे भाषेच्याच इतिहासाशी विसंगत आहे. आपल्याकडे वारसा हीच आधी कायद्याची बाब होती. (२००५ पासून देण्यात येणाऱ्या 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' या दर्जात मताधिकार नाही आणि शेतजमीन खरेदी करण्याचा हक्कही नाही. नावात नागरिक असून जमिनीपुरता तो उपरीच आहे.)

भालचंद्र नेमाडे यांच्या 'टीकास्वयंवर' (१९९०) या ग्रंथानंतर मराठी समीक्षेत दृढ झालेली देशीयतेची संकल्पना या कथेपाशी कोठे अडते हेही येथून दिसते. देशीयतेत भूमी, भाषा आणि परंपरा एकमेकींना धरून असतात, आणि साहित्याचे निकष त्या एकत्र असण्यातून निघतात. लिलियाच्या बाबतीत भूमी एक, घरातली भाषा दुसरी, आणि परंपरेचे नाव घेताच तिचे दोन रंग होतात. तिला 'अ-देशी' म्हणून बाजूला ठेवणे सोपे आहे. पण मग पिरझादांचे काय करायचे? त्यांची भूमी, भाषा, परंपरा जागच्या जागी असताना राज्यसंस्थेनेच त्यांना परके ठरवले आहे. देशीयतेचा विचार वसाहतवादाने केलेली फारकत ओळखतो, पण शेजारच्या राज्यसंस्थांनी केलेली फारकत त्याच्या परिघात फारशी येत नाही.

कथेतील शाळेचा भाग याच्या तुलनेत उथळ आहे, हे मान्य केले पाहिजे. लिलिया शाळेत अमेरिकन क्रांतियुद्ध शिकते. यॉर्कटाउनच्या शरणागतीवर निबंध लिहिण्यासाठी ग्रंथालयात गेली असता ती पाकिस्तानवरचे एक पुस्तक उघडते, आणि शिक्षिका ते निबंधाचा भाग नाही म्हणून परत फळीवर ठेवते. एक मुक्तियुद्ध पाठ्यपुस्तकात, दुसरे चालू असूनही अदृश्य. हा समांतरपणा लेखिकेने इतका नेमका जुळवला आहे की वाचकाला काही करायचेच उरत नाही. पुस्तक परत फळीवर ठेवणारी शिक्षिका हे पात्र नसून टिप्पणी आहे. लाहिरींची कला जेथे जेवणाच्या मेजावर असते तेथे ती खरी असते. वर्गात गेली की ती समजावू लागते. समजावणीच्या मर्यादा दाखवणाऱ्या कथेने स्वतः समजावणीच्या मोहात पडावे, हा दोष दुर्लक्षिण्याजोगा नाही.

'द नेमसेक' (२००३) या कादंबरीत हा मोह बऱ्याच प्रमाणात आवरलेला दिसतो. तेथे समजावणी घडते त्यापेक्षा लांबणीवर पडते. बंगाली रीतीप्रमाणे मुलाला दोन नावे असतात, घरचे 'डाकनाम' आणि जगासाठीचे 'भालोनाम'. आपल्याकडच्या लाडाच्या आणि कागदावरच्या नावांसारखीच ही जोडी. पण कलकत्त्याहून पणजीने पाठवलेले नावाचे पत्र पोहोचत नाही आणि जन्मदाखल्याशिवाय रुग्णालय बाळाला सोडत नाही. परिणामी घरचे नाव, गोगोल, तेच कागदावर चढते. पुढे शाळेत घालताना वडील, अशोक, 'निखिल' हे नाव सांगतात. ते निघून गेल्यावर मुख्याध्यापिका पाच वर्षांच्या मुलालाच विचारते आणि गोगोल हेच नाव कायम करते. साहित्यविचाराच्या दृष्टीने हा छोटा प्रसंग नकाशाच्या प्रसंगाहून अधिक भेदक आहे. येथे संस्था आईबापांना वगळून थेट मुलाशी बोलते. बाप समजावत होता ते इंग्रजीतच, नम्रपणे, आणि त्याचे बोलणे ऐकूनही घेतले गेले. फक्त त्याला अधिकार नव्हता.

नावामागे आहे एक रेल्वे अपघात. त्यातून अशोक वाचला तो हातात असलेल्या गोगोलच्या कथासंग्रहाच्या पानामुळे. मुलाच्या चौदाव्या वाढदिवशी तो त्याला गोगोलच्या कथांचे पुस्तक देतो, सांगण्याच्या बेतात येतो, आणि सांगत नाही. मुलाला ऐकण्यात रस नाही हे त्याला दिसते. मुलगा अठराव्या वर्षी न्यायालयात जाऊन रीतसर निखिल होतो. त्यालाही अशोक अडवत नाही. पुढे महाविद्यालयातून घरी येताना मुलाची गाडी कोणीतरी रुळांवर जीव दिल्याने तासन्‌तास खोळंबते. त्या रात्री, घरासमोर थांबलेल्या मोटारीत, अशोक अपघाताची हकीकत सांगतो. त्यात भारत नाही, संस्कृती नाही, 'आपण कोण' नाही. एक डबा, एक सहप्रवासी, अंधार आणि हातातले पान. मुलगा विचारतो की मला पाहिले की तुम्हाला ती रात्र आठवते का. बापाचे उत्तर त्या रात्रीनंतर जे जे मिळाले त्याच्याकडे वळते. नाव बदलून झाल्यावर नावाची कथा कळते, हा विलंब कादंबरीच्या रचनेत केंद्रस्थानी आहे. लिलियाच्या वडिलांनी प्रश्न उद्भवण्याआधीच उत्तर दिले होते. अशोक प्रश्न जुना होऊ देतो, आणि त्याची किंमतही मोजतो. मधल्या वर्षांत मुलगा आपल्या नावाचा नुसता तिटकाराच करीत राहतो.

उत्तर अमेरिकेत १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले आणि पुढे गावोगावी रविवारच्या मराठी शाळा उभ्या राहिल्या. या प्रयत्नांकडे पाहतानाही हा भेद उपयोगी पडावा. तेथील पालकांच्या पुढ्यात नकाशापाशी उभे राहण्याचा आणि मोटारीत थांबून राहण्याचा, असे दोन्ही मार्ग आहेत. पहिला अभ्यासक्रमात बसतो, म्हणून तो अधिक दिसतो.

पिरझादांच्या कथेकडे परत यायचे तर, लिलियाला जे मिळते ते कोणी दिलेले नसते. पाहुणा रोज तिच्यासाठी मिठाई आणतो. ती ती चंदनाच्या एका कोरीव डबीत ठेवते. त्या डबीत पूर्वी तिची आजी सकाळच्या स्नानानंतर खायची सुपारी ठेवीत असे. आजीला तिने कधी पाहिलेले नाही, आणि डबीविषयी कोणी तिला काही समजावलेले कथेत नाही. घरात प्रार्थनेची रीत नसताना ती एक विधी स्वतःच रचते : रात्री एक गोळी तोंडात विरघळू द्यायची, पिरझादांच्या कुटुंबासाठी मागणे मागायचे, आणि मागणे धुऊन जाऊ नये म्हणून दात न घासताच झोपायचे. हा विधी हिंदू नाही, मुसलमान नाही, अमेरिकनही नाही. ज्याला वडिलांनी परका म्हणून दाखवले त्याच्यासाठी तो आहे, आणि त्याचे पात्र आजीचे आहे.

या विधीतल्या गोळ्यांविषयीचा एक तपशील सहज निसटतो. जानेवारीत पिरझादा ढाक्याला परततात, मिठाई येणे बंद होते, पण लिलियाचे मागणे चालू राहते. आता ती खाते त्या गोळ्या हॅलोवीनच्या रात्री दारोदार फिरून जमवलेल्या असतात. त्या रात्री ती चेटकीण झाली होती, आणि भारतीय चेटकीण आजवर पाहिली नव्हती, असे काही शेजाऱ्यांनी तिला दारात सांगितले होते. वडिलांनी पिरझादांना नाकारलेले विशेषण शेजाऱ्यांनी न मागता तिला देऊन टाकले, वर मूठभर गोळ्या दिल्या. त्याच गोळ्या ती हिवाळाभर, एकेक करून, ढाक्यातल्या सात मुलींसाठी खात राहते. मुली आईसह शिलाँगला आजोळच्या आसऱ्याने सुखरूप असल्याचे पत्र काही महिन्यांनी येते. त्या रात्री गोळी खाण्याची गरज उरत नाही, आणि पुढे केव्हातरी राहिलेल्या ती टाकून देते.